उजव्या चाकाचा गुन्हा, डाव्याला शिक्षा

गाडीचा आवाज उजव्या चाकाकडून येत होता आणि मी डावं चाक उघडलं.

एका ओळीत सांगितलं की हे फार वाटत नाही. डाव्या-उजव्यात माणूस चुकतोच. पण मी घाईत चुकलो नव्हतो. रीतसर तपासणी करून, कानाला नळी लावून, शेजाऱ्यांचं मत घेऊन आणि बायकोचं म्हणणं खोडून काढून मग मी डावं चाक उघडलं होतं. एवढ्या अभ्यासानं चुकायला अंगात काहीतरी वेगळं असावं लागतं.

आवाजाचं कारणही आत्ताच सांगून टाकतो. ते कुठे लपलेलं नव्हतं, मीच पाहिलं नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर मी कारध्याला मावसाकडे गेलो होतो. लवकर पिकणारा हलका धान निघाला की आमच्याकडे काही लोक शेताजवळच्या डांबरी रस्त्यावर पेंढ्या पसरून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या चाकाखाली धान चुरला जातो, दाणा सुटतो, बैलाचं काम फुकटात होतं. शहाणा मोटारवाला अशा जागी गाडी कडेनं काढतो. पण मावसा म्हणाला, "बापू, आलाच हायेस तं दोन-चार फेऱ्या मारून दे ना." मी मारल्या. दोन-चारवर कसला थांबतो! मागे-पुढे, मागे-पुढे, खिडकीतून हात बाहेर काढून बैल हाकल्यासारखा हो-हो करत मी मावसाचा अख्खा धान चुरून दिला. मावसा खूश, मीही खूश. त्या आनंदात तणसाचा, म्हणजे धानाच्या वाळल्या काडीचा, एक भलामोठा गुंडाळा उजव्या चाकामागच्या दांड्याला पीळ घालून बसला. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा तो दांडा. तो फिरला की तणस आजूबाजूला घासायचं आणि आवाज यायचा: खस्स, खस्स, खस्स.

एवढंच होतं. खाली वाकून पाहिलं असतं तर दिसलं असतं. पण वाकून पाहणं म्हणजे तपासणी असं मला तेव्हा वाटत नव्हतं. मी मोबाइलवर गाडी दुरुस्तीचे व्हिडिओ पाहिलेला माणूस होतो.

आता यात अडचण अशी की ही वेळ मंडईची होती. दिवाळी आटोपली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे उभे राहतात, नाटक होतं, आणि लग्न होऊन गेलेल्या झाडून सगळ्या लेकी माहेरी येतात. माझ्या बायकोचं माहेर आंधळगाव. ती याच वर्षी गाडी शिकली होती, परीक्षा देऊन लायसन काढलं होतं, आणि तिनं एकच गोष्ट मनाशी धरली होती: या मंडईला आंधळगावात आपण स्वतः गाडी चालवत शिरायचं. तिच्या गल्लीतली एकही लेक आजवर तशी आली नव्हती. सासूबाईंनी ही बातमी गल्लीत तर सांगितली होतीच, पिठाच्या चक्कीवरही सांगून ठेवली होती.

"यंदा मी चालवत गेली तं गेली," बायको म्हणाली होती. "नाही तं पुन्हा चाबीले हात लावनार नाही."

हे ती रागानं म्हणाली असती तर मी मनावर घेतलं नसतं. पण ती तांदूळ निवडता निवडता, अगदी शांतपणे म्हणाली होती.

आवाज पहिल्यांदा तिनंच ऐकला. भाजी आणायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "अजी, माझ्या पायाजवळून खसखस येऊन राहिली. अन् जळाल्याचा वासबी येते."

मी हसलो. नवशिक्या माणसाला सगळे आवाज पायाजवळूनच ऐकू येतात, असं मी तिला समजावलं. वासाचं निदान तर मी जागेवरून न उठता केलं. "क्लच जळून राहिला. तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस."

"नाही ठेवत जी."

"ठेवणाऱ्याला कळत नाही."

"मंग तुम्हाले घरी बसून कसं कळलं?"

मी उठलो आणि तपासणी सुरू केली. आमचा नेहमीचा मिस्त्री स्वतःच्या गावच्या मंडईला निघून गेला होता आणि त्याचा फोन वाजून वाजून बंद होत होता. मला ते बरंच वाटलं.

व्हिडिओत सांगितलेली पहिली परीक्षा अशी: गाडी वेगात आणायची, न्यूट्रलमध्ये टाकायची, एक्सिलरेटर सोडायचा. तरीही आवाज येत राहिला तर इंजिन निर्दोष, दोष चाकांकडे. मी बायकोला शेजारी बसवून मोहाडी रोडला गाडी काढली, वेगात आणली, न्यूट्रलमध्ये टाकली. खस्स, खस्स चालूच. "इंजिन सुटलं!" मी ओरडलो. बायको घाबरून मागे पाहू लागली की इंजिन कुठे पडलं. तिला समजावेपर्यंत गाडी रस्त्याच्या मध्यात थांबली आणि मागून ऊस घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं आमच्या दोघांच्या घराण्याची विचारपूस केली. पण निष्कर्ष बरोबर होता, हे लक्षात असू द्या. सबंध प्रकरणात माझं जे एक काम बरोबर झालं, ते हे.

दुसरी परीक्षा गोल फिरवण्याची. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी गोल गोल फिरवायची. कट-कट आवाज आला तर दांड्याचा सांधा गेला, गूं-गूं आला तर बेअरिंग. आमच्या लेआउटमध्ये रिकामे प्लॉट भरपूर. बायकोला चालवायला बसवलं आणि मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळलो. चार शेळ्या चरत होत्या, त्या निघून गेल्या. समोरच्या घरातले काकाजी मात्र बाहेर आले.

काकाजी म्हणजे भजनी मंडळातले पेटीवाले. आवाजाशी संबंधित कुठलीही गोष्ट आपल्या अखत्यारीत येते अशी त्यांची समजूत आहे. कुकरची शिट्टी बेसूर झाली तर ते रबर बदलायला सांगतात.

"कायचा आवाज हाये?" त्यांनी विचारलं.

"तेच शोधून राहिलो काकाजी. तुमचा कान चांगला आहे, ऐका जरा."

हे मी सहज बोललो. ते घरात गेले आणि पेटी घेऊन आले. ओसरीवर मांडी घालून बसले, भाता मोकळा केला आणि आम्हाला हातानं खूण केली, चालू द्या. आम्ही गोल फिरू लागलो. काकाजी डोळे मिटून एकेक पट्टी दाबत सूर जुळवू लागले. शेजारच्या दोन-तीन बाया हातातलं काम टाकून आल्या. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असेल, नवी गाडी घेतली आहे आणि तिची काही पूजा चालली आहे. एक म्हातारी तर हात जोडून उभी राहिली.

शेवटी काकाजींनी पेटी थांबवली. "काळी तीन," ते म्हणाले.

"म्हणजे काय, बेअरिंग?"

"बेअरिंगचं मले काय ठाव? सूर सांगतला तुम्हाले." मग थोडा विचार करून म्हणाले, "वळवली का थोडी उतरते. पन बाईचा हात चांगला हाये. लय सोडत नाही."

बायकोनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी आत येऊन बसलो.

तिसरी परीक्षा कानाची. खरे मिस्त्री लांब पेचकस घेतात, त्याचं टोक यंत्राला टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. माझ्याकडे लांब पेचकस नव्हता. आईची फुंकणी होती. माझी आई थंडीत अंघोळीचं पाणी मागच्या अंगणातल्या चुलीवरच तापवते. गिझरच्या पाण्यानं अंग फुटतं असं तिचं मत आहे. तिची लोखंडी फुंकणी मी उचलली, गाडी चालू करून उभी केली आणि बॉनेटमधल्या हाती लागेल त्या भागाला टेकवून ऐकू लागलो. गाडी उभी असताना चाकाचा आवाज येणार नाही, हे माझ्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. तोवर मला इंजिनात निदान पाच रोग ऐकू आले होते.

"माही फुंकनी कोनं नेली?" आई मागून ओरडत आली. मला पाहिलं आणि थांबली. "काहून रे? गाडीले सर्दी झाली काय?"

मी तिला बाजूला घेऊन शास्त्र समजावलं. तिनं ते ऐकून घेतलं, फुंकणी काढून घेतली आणि गेली. माझ्या कानाभोवती काजळीचं गोल कडं उमटलं होतं. ते मला कोणीही सांगितलं नाही. तसाच मी चौकातल्या दुकानातून जॅकसाठी ग्रीस घेऊन आलो. दुकानदारानं फक्त एवढंच विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

आणि मग चौथी परीक्षा. ही माझी स्वतःची, कुठल्या व्हिडिओत नाही. मी बायकोला सांगितलं, तू गाडी अगदी हळू, माणसाच्या चालीनं पुढे आण. मी गाडीपुढे वाकून उलटा चालतो. तोंड गाडीकडे, कान चाकांकडे. आवाज कुठल्या हाताला आहे ते लगेच कळेल.

"अन् ब्रेक नाही लागला तं?"

"तुला लायसन दिलंय सरकारनं."

"सरकार माझ्या गाडीपुढं उलटं नाही चालत जी."

तरी ती चालवू लागली. मी वाकून, हात गुडघ्यावर ठेवून, मागे मागे सरकत होतो. खस्स, खस्स. स्पष्ट येत होता. माझ्या डाव्या हाताला. मी हात उंच करून ओरडलो, "डावीकडे! डावं चाक!" आणि त्याच आनंदात कोणीतरी बांधकामासाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगात पाठीवर पडलो. बायकोनं ब्रेक लावला. नीट लागला. गाडी ढिगाच्या पुष्कळ अलीकडे थांबली, हे मला मान्य करावं लागेल.

माझं तोंड गाडीकडे होतं. म्हणजे माझी डावी ती गाडीची उजवी. हे एखाद्या लहान मुलालाही कळेल. बायकोनंही सांगून पाहिलं. "तुम्ही उलटे होते ना जी. तुमचा डावा हात माझ्याच बाजूनं होता." मी रेती झटकत म्हणालो की ड्रायव्हरच्या सीटवरून दिशेचा अंदाज येत नाही. "आवाज फिरत असतो," असंही म्हणालो.

"कुठं फिरते?"

"गाडीच्या आतून."

"मंग फिरू द्या. आपल्याले आंधळगावले जायचं हाये."

पण मी आता थांबणाऱ्यांतला नव्हतो. गाडी अंगणात घेतली, उजवी बाजू भिंतीला अगदी चिकटवून, म्हणजे डाव्या बाजूला कामाला ऐसपैस जागा. ज्या बाजूला तणस होतं ती बाजू मी स्वतःच्या हातानं भिंतीआड केली. जॅक लावला तर अंगणातल्या मऊ मातीत तो गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जाऊ लागला. खाली काहीतरी सपाट आणि मजबूत हवं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि पोळपाट आणला. सागवानी होता. गाडी वर आली, मला फार अभिमान वाटला, आणि मग ठाण् असा आवाज झाला. पोळपाटाचे दोन अर्धगोल झाले. घरातून "काय झालं?" असा प्रश्न आला. "काही नाही, जॅक बसला," मी म्हणालो. मग फरशीचा तुकडा शोधला. तो आधीपासून तिथंच होता.

चाक निघालं. काढण्याआधी ते हातानं हलवून पाहिलं होतं, वर-खाली, आडवं. कुठे ढिलाई नाही. आत सगळं स्वच्छ, चकचकीत. रोग कुठेच दिसेना. मी डोकं आत घातलं, बोटांनी इकडे-तिकडे दाबलं, आणि उठताना आधारासाठी जे हाती लागलं ते धरून उठलो. ते म्हणजे ब्रेकच्या डिस्कमागचा पातळ पत्रा. तो वाकला. थोडाच. चाक परत लावलं, नट आवळले, गाडी बाहेर काढली.

खस्स, खस्स चालूच होतं. त्याच्या जोडीला आता डावीकडून चींऽऽ येत होतं.

ओसरीवरून काकाजींनी मान हलवली. "आता जुगलबंदी झाली," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं की बेअरिंग गेली आहे, दुसरीही जाण्याच्या मार्गावर आहे, आणि उद्या मंडईला आपण बसनं जाऊ. तिनं काही वाद घातला नाही. "बरं," म्हणाली आणि पोळ्या करायला गेली. ओट्यावर थेट पोळ्या लाटत होती. माझ्याकडे न बघता. मला वाटलं, आता पोळपाटाचं काढते की काय. पण ती म्हणाली, "आईले फोन करून सांगून टाका. तुम्हीच सांगा. मी नाही सांगत."

मी फोन हातात घेतला. सासूबाईंनी उचलला आणि माझं काही ऐकण्याआधीच सुरू झाल्या, "कितीले निघून राहिले? पोरीले म्हना, गल्लीत येताना हॉर्न वाजवजो. सब्बन बाया थांबल्या हायेत." मागून दुसऱ्या बायांचाही आवाज येत होता. मी म्हणालो, "हो, हो, वाजवेल." आणि फोन ठेवला.

बायकोनं लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"आवाज आहे, पण चाक घट्ट आहे," मी म्हणालो. "हलवून पाहिलं होतं मी. हळू चालव."

सकाळी तिनं हात पुढे केला आणि मी चाबी दिली. आई मागे बसली. मंडईतले शिंगाडे तिला स्वतः निवडून घ्यायचे होते. मी शेजारी. भंडाऱ्यातून निघालो तेव्हाच लोक वळून पाहायला लागले. खस्स-चीं, खस्स-चीं, खस्स-चीं. रस्त्यानं चालणाऱ्या कोंबड्या आधीच बाजूला होत होत्या, सायकलवाले उतरून उभे राहत होते. बायकोनं मान सरळ ठेवली होती. खड्डा आला की गिअर उतरवायची, सावकाश काढायची, पुन्हा चढवायची. माझा पाय मात्र जागेवर ब्रेक नसतानाही ब्रेक दाबत होता.

"पाय उचला जी," ती म्हणाली. "पायपोस फाटंल."

आंधळगावच्या वेशीपासूनच मंडईची गर्दी. एकीकडे उसाचे भारे, दुसरीकडे फुगेवाले, मध्ये माणसं, आणि त्या सगळ्यांतून ती गाडी घेऊन चालली होती. हॉर्नची गरजच पडली नाही. आवाज ऐकून लोक स्वतःच दुभंगत होते. पाळण्याजवळ मुलं म्हणाली, "रणगाडा आला रे!" आणि मागे पळू लागली. अशी मिरवणूक घेऊन आम्ही गल्लीत शिरलो. सासूबाई दारात पाण्याचा गडवा घेऊन उभ्या. दोन्हीकडच्या ओट्यांवर बाया. बायकोनं गाडी नालीपासून हातभर अंतर ठेवून अगदी दाराशी लावली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरली. त्या वेळचं तिचं तोंड मी मुद्दाम वर्णन करत नाही. माझ्या लग्नातही ते तसं नव्हतं.

"आली वं माही पोरगी! चालवत आली!" सासूबाई म्हणाल्या.

बाया बोलायला लागणार, एवढ्यात सासूबाईंची गाय आली. दावं सोडलेलंच होतं. ती माणसांना ओलांडून सरळ गाडीच्या उजव्या चाकाशी गेली, वास घेतला, मान वाकडी करून चाकामागे तोंड घातलं आणि ओढलं. तणस. हातभर. चावलं, पुन्हा तोंड घातलं, पुन्हा ओढलं. आणखी आलं. ओट्यांवरच्या बाया उठून पाहू लागल्या. गाय ओढतच होती आणि तणस येतच होतं, जसं काही आम्ही भंडाऱ्याहून तिच्यासाठी वैरण भरून आणली होती. मधला काही भाग काळा, करपलेला होता. तेवढा तिनं टाकून दिला.

बायकोनं तो करपलेला झुबका उचलला, वास घेतला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"क्लच," ती म्हणाली.

मी विळा मागितला, गाडीखाली शिरलो आणि दांड्याला उरलेलं तणस कापून काढलं. बाहेर येऊन कपडे झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मला शंका होतीच. घासल्याचाच आवाज होता तो."

आई मागच्या सीटवरून म्हणाली, "हो, फुंकनीतून आयकला होता त्यानं."

बायकोनं गाडी चालू करून गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि वळवून आणली. खस्स गेलं होतं. चीं राहिलं होतं.

"हा कायचा आवाज हाये आता?" एका ओट्यावरून कोणीतरी विचारलं.

"हा यायनं घरी बनवला," बायको म्हणाली.

गल्ली हसली. मी पण हसलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग जरा पुढे झालो, आणि सगळ्यांसमोर हात पुढे करून बायकोला म्हणालो, "चाबी दे जरा. चाक काढून पत्रा सरळ करतो. दोन मिनिटांचं काम आहे. मग परतताना मीच चालवतो, तू थकली असशील."

बायकोची मूठ चाबीवर घट्ट झाली. ती काही बोलणार होती, पण त्याआधी सासूबाईंनी गडवा माझ्या पुढे केलेल्या हातात ठेवला.

"चाबी ह्यायले देऊ नोको बाई," त्या म्हणाल्या. "मंडईच्या दिवशी गाडी दारात उघडून ठेवतीन. जवाईबापू, तुम्ही गाईले पानी पाजा."